गर्गेबाईंची अर्धी गाय

गर्गेबाई आमच्या नाशिकच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि त्यांच्या पर्समध्ये कायम स्वेटर विणायची एक सुई असायची. एकच. विणकामाशी बाईंचा काडीचा संबंध नव्हता. जिथे माती दिसेल तिथे सुई खुपसायची आणि किती आत जाते ते बघायचं, हा त्यांचा छंद. कॉलेजचं मैदान झालं, पंचवटीतल्या देवळामागची फुलझाडं झाली. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात नवरी स्टेजवर येत होती आणि बाई लॉनवर वाकलेल्या. "मेलीय जमीन!" हे त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की वरमाई दचकली. "वरून बघून काय कळतंय? टोचून बघा," हे त्यांचं पालुपद. विद्यार्थ्यांची उत्तरं, भाजीवालीचे टोमॅटो, प्राचार्यांची आश्वासनं, सगळ्यांना हाच न्याय.

मी मराठीचा प्राध्यापक. पण माझ्याकडे गाडी होती आणि रविवारी मला काही काम नसतं असं बाईंनी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्यामुळे हरसूलच्या डोंगरात त्यांना नेण्याचं काम माझ्याकडे आलं. त्या मला 'कवी' म्हणत. मी आयुष्यात एक ओळ कविता लिहिलेली नाही, असं मी कितीदा तरी सांगितलं. "मराठी शिकवता ना? मग झालं," एवढं बोलून त्या गाडीत बसायच्या.

हरसूलच्या वर एक पाडा आहे आणि पाड्याच्या माथ्यावर मोठं पठार. पहिल्या पावसापासून पाड्याची सगळी गुरं तिथेच. गवत बोटभर वर आलं की त्यांच्या तोंडी जायचं. खुरांनी जमीन सिमेंटसारखी झालेली. बाईंनी सुई टोचली, ती वाकली. पावसाची सर आली तर पाणी मुरायचं नावच घेईना, लाल माती घेऊन सरळ उताराला लागलं. बाईंचा चेहरा घरात कुणी आजारी असल्यासारखा झाला.

तिथेच यमुनाबाई भोये भेटल्या. पाड्यात सगळ्यांत जास्त गुरं त्यांची आणि राखायलाही त्याच जायच्या. त्यांनी आम्हाला घरी नेऊन कोरा चहा पाजला. पुढे बाईंनी ग्रामसभेत उभं राहून पठारावर चराईबंदी मागितली, तेव्हा यमुनाबाईंनी एकच विचारलं, "मंग गुरं कुठं न्यायची, बाई?" बाई म्हणाल्या, "थोडी वर्षं कळ काढा. जमीन उठू द्या." लोकांनी बाईंचा शब्द मानला. त्यांचं बोलणंच तसं होतं, समोरच्याला नाही म्हणवत नसे.

दुसऱ्याच पावसाळ्यात पठार फुललं. पिवळी सोनकी, कवळा, गुलाबी तेरडा आणि त्यांच्या पायाशी नखाएवढी निळी-जांभळी फुलं. बाई चिखलात फतकल मारून बसल्या आणि चक्क रडल्या. "कवी, आता तरी लिहा काहीतरी!"

खाली उतरलो तर यमुनाबाईंचा गोठा रिकामा. पाड्याभोवतीचा उतार सगळ्यांच्या गुरांनी ओरबाडून संपवला होता. चारा पुरेना, म्हणून त्यांनी गाई हरसूलच्या बाजारात विकल्या होत्या. बाकीच्यांनीही तेच केलं होतं. बाईंच्या हातातला चहा तसाच गार झाला.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं पठारावर गवत माजलं. कमरेएवढं वाढायचं, वाळायचं, आडवं व्हायचं, त्यावर पुन्हा नवं. एका श्रावणात आम्ही वर गेलो तर फूल म्हणून दिसेना. बाईंनी गुडघ्यावर बसून गवताची ती गादी दोन्ही हातांनी फाकवली. खाली अंधार, आणि त्यात पिवळी पडलेली चार-दोन रोपं. मग त्यांनी सुई टोचली. लोण्यात जावी तशी ती पूर्ण आत गेली.

"सुई म्हणतेय सगळं छान आहे," बाई म्हणाल्या. "आणि फुलं गेली."

"यंदा पाऊस उशिरा झाला ना," मी आपलं काहीतरी बोललो.

"तुम्ही कविता करा," त्या खेकसल्या. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या, "उंच गवत खायला कुणीतरी लागतं हो. त्याशिवाय बुटक्यांना ऊन कसं मिळणार? गुरं जास्त होती, ती कमी करायची होती. सुगीनंतर, गवताचं बी पडल्यावर सोडायची होती. मी दारच बंद केलं."

परत येताना त्या म्हणाल्या, पाड्यावर जाऊन चूक कबूल करणार; तेव्हा मी त्यांना शहाणपण शिकवलं. म्हटलं, निवृत्तीला आलात, गावात तुमचं नाव आहे, कशाला मुद्दाम बोलून दाखवता? बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी निमूट गिअर बदलला.

त्या वाघबारशीला त्या पाड्यावर गेल्या. दिवाळीच्या तोंडावर त्या भागात गुराखी घरोघरचे तांदूळ गोळा करतात, वाघदेवाच्या दगडाला शेंदूर लावतात आणि तिथेच भात शिजवून एकत्र जेवतात. गुरांवर वाघाची नजर पडू नये म्हणून. जेवणाआधी बाई उभ्या राहिल्या. "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं," त्या म्हणाल्या. "पठाराला गुरं नकोत असं म्हटलं. पठाराला गुरं हवी आहेत. थोडी, आणि वेळेवर."

"मंग सोडू की गुरं," कुणीतरी म्हणालं.

यमुनाबाई भाताच्या पातेल्याशी बसल्या होत्या. "कोन सोडील? गुरं हायेत कुठं? मी जाऊ काय चरायला?" कुणीही हसलं नाही. "माझी कपिली बाजारात इकली ना बाई, तवा ती मागं वळून बघत व्हती."

बाई खाली बसल्या. त्या दिवशी त्यांनी कुठेही सुई टोचली नाही.

पुढच्या बाजारी त्यांनी हरसूलला एक गाय घेतली आणि दोरी धरून पाड्यापर्यंत चालत नेली. मी मागून गाडीने. यमुनाबाई दारातूनच म्हणाल्या, "दान नाय घेनार मी."

"दान कोण देतंय?" बाई कडाडल्या. "अर्धलीने देतेय. सांभाळायची तुम्ही, वासरं एकाआड एक. माझा वाटा मी सोडणार नाही, सांगून ठेवते."

अर्धलीचा व्यवहार तिकडे पूर्वापार आहे. त्यात कुणी कुणाचं मिंधं होत नाही. यमुनाबाईंनी गायीच्या तोंडात बोट घालून दात बघितले, खूर बघितले आणि दोरी हातात घेतली.

स्टाफरूममध्ये मग रोज 'माझ्या अर्ध्या गायी'ची बातमी यायला लागली. प्राचार्यांनी विचारलं, "अर्धी म्हणजे कुठली हो?" बाई म्हणाल्या, "पुढची. चरते ती." बाईंचं बघून पाड्यात आणखी काही घरांनी गाई घेतल्या. भात काढून झाला की त्या पठारावर जायला लागल्या. आता बाईंचा नियम बदलला होता. "सुई अडली तर गुरं जास्त, पूर्ण गेली तर गुरं कमी. निम्मी गेली की समजायचं, जमलं. आणि कवी, फुलंही बघायची. नुसत्या सुईवर जायचं नाही."

गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या. फार आजारी नव्हत्या. त्यांच्या भाचीने ती सुई मला आणून दिली.

दिवाळीनंतर मी पाड्यावर गेलो. यमुनाबाईंना सांगितलं, तेव्हा त्या उंबऱ्यावरच बसल्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, "गाय दुसऱ्यांदा व्याली, सर. पयलं माझं व्हतं. हे बाईचं हाय. नेता का?"

मी म्हटलं, मी तिसऱ्या मजल्यावर राहतो.

"मंग ऱ्हाऊ दे वरती पठारावर. पन बाईचंच हाय ते. पाड्यात समद्यांना ठावं हाय."

मी पठारावर गेलो. गवत गुडघ्याएवढं होतं आणि त्यात सोनकीची उशिराची काही फुलं अजून टिकून होती. गाय चरत होती, वासरू तिच्या पोटाशी. आजूबाजूला कुणी नाही ना, हे बघून मी खाली वाकलो आणि सुई टोचली. निम्मी आत गेली आणि थांबली.

"जमलं, बाई," मी मोठ्याने म्हणालो. बाईंच्या वासराने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं.