न कळलेल्या विषयाचं गाऱ्हाणं

यंदा शिमग्यात ग्रामदेवाची पालखी आमच्या अंगणात आली, तेव्हाची गोष्ट. गाव हातखंब्यापासून आत. मी आणि बायको सकाळीच रत्नागिरीहून आलो होतो... आलो कसले, मी तर अंग ओढत आणलं होतं.

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. ज्ञान आणि भाषा हा माझा खास अभ्यास, अर्धं आयुष्य त्यात गेलं. आता मुलंच येत नाहीत. या जूनमध्येही आली नाहीत तर विषय बंद, आणि मी कॉमर्सच्या मुलांना इंटरव्ह्यू कसा द्यावा ते शिकवायचं... गावात कोणाला बोललो नव्हतो.

आमच्याकडे पालखी दारोदारी थांबते आणि त्या घराचं मागणं मानकरी देवापुढे मांडतात. ते गाऱ्हाणं. आमचे मानकरी म्हणजे तात्या, माझे चुलते.

"काय मागू रे तुझ्यासाठी?"

"काही नको, तात्या. सगळं बरं आहे." रोज हात जोडतो मी देवाला. पण नोकरीचं रडगाणं त्याच्यापुढे... नको वाटलं.

"बरं कसलं!" मागून वहिनी. "भावोजींचा विषय बंद करतायत कालेजवाले." म्हणजे बायकोने तिला सांगितलं होतं तर...

"कसला विषय?"

सांगायला लागलो. आपल्याला जे ठाऊक असतं ते कशावरून ठाऊक असतं, बोलण्याला अर्थ कुठून येतो...

"सर, आटपा, खांदे गेले आमचे!" पालखीखालून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. मीसुद्धा.

तात्यांनी हात जोडले. "बा महाराजा, ह्यो तुझा लेकरू काय शिकवतो ते आमाला कळत नाय..."

"होय महाराजा!" सगळं अंगण.

"पन त्याचं शिकवनं बंद पडता नये. पोरं धाड त्याच्या वर्गात!"

"होय महाराजा!"

माझा विषय समजणारी माणसं सेमिनारांत खूप भेटली. चहा पिऊन, छान झालं म्हणून गेली. इथे विषय कोणालाच कळला नव्हता, आणि तो बंद पडू नये म्हणून वहिनीपासून खांदेकऱ्यांपर्यंत सगळे घसा ताणत होते.

जूनचं काय होईल, माहीत नाही. थकवाही आहेच. पण तात्यांनी शेवटचं "सांभाळ रे बाबा ह्याला" म्हटलं, तेव्हा सगळ्यांबरोबर माझ्याही तोंडून होय निघालं... आणि मग किती वेळ मान वर करता आली नाही.