म्हशीच्या श्वासाखाली

गोठ्यावर दरड आली तेव्हा माझी सून आत धार काढत होती. मी अंगणात होते. पत्रे, दगड, माती सगळं एकदम बसलं आणि म्हशीचं ओरडणंही बंद झालं.

दरड आपोआप आली नव्हती. माझ्या धाकट्या दिरानं गोठ्यामागची टेकडी जेसीबीनं पोखरून मुरूम विकला होता. अडवायला गेले की म्हणायचा, "वहिनी, गप बसा की. टेकडी तुमच्या बापाची हाय काय?"

तोच जेसीबी पळवत तो आला. मला वाटलं, सुनेला काढायला आला. पण जमलेल्या लोकांना तो सांगू लागला, "आत कोण न्हाय. सून सकाळीच माहेरी गेलीया, कागलला. म्हसरू तेवढं हाय." मुरमाची चोरी दिसू नये म्हणून तलाठी यायच्या आत त्याला पोखरलेली जागा गोठ्यासकट बुजवायची होती.

"धारेची चरवी घरात न्हाय," मी ओरडले. "चरवी घिऊन माहेरी गेली व्हय रं?"

आणि जेसीबीच्या बकेटसमोर जाऊन बसले. बचाव पथक येईपर्यंत उठले नाही.

त्यांच्याकडे पेटीएवढं रडार होतं. ते मातीत लाटा सोडतं, आत कुणाची छाती हलली की परत येणारी लाट बदलते. पथकातली मुलगी पडदा बघून म्हणाली, "श्वास आहे."

"म्हशीचा हाय," दीर म्हणाला. "मगापासनं काय बोंबलतोय मी?"

ती माझ्याकडे वळली. "आजी, म्हशीची छाती मोठी. तिच्याखाली माणसाचं बारीक हलणं झाकून जातं. म्हशीचं वजा करून बघते. पण ते इंजिन बंद करा आणि सगळे लांब व्हा. तुमचं हलणंही यात येतंय."

लोक लांब झाले. दीर इंजिन बंद करेना. मी जेसीबीवर चढले, किल्ली उपटली आणि पोलक्यात घातली.

"ये आता काढायला."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. तो उतरला.

मुलीनं पेटी जागा बदलून पुन्हा पुन्हा लावली. पडद्यावरची मोठी लाट पुसली गेली, तेव्हा खाली बारीक लाट दिसली, वेगळ्या लयीची. जागा गव्हाणीकडची. तिथं हातानं खोदलं.

नंतर भावकी आली. "मिटवून घ्या आज्जी, घरातलंच हाय."

"घरातलीच गाडायला निघाला हुता," मी म्हटलं.

पोलिसांना सांगितलं, कोर्टात त्याच्या तोंडाकडे बघून सांगितलं. तो कळंब्याच्या तुरुंगात गेला. त्याची बायको दारात येऊन रडली, मी तिला आत ये म्हटलं नाही. त्यानं पाय धरले असते तरी सोडला नसता. अजूनही वाटतं, शिक्षा कमीच झाली.

म्हैस मेली. सून जगली.