बाळू घरतांचा अंगठा

पनवेल-उरण रस्त्यावर गव्हाण फाट्याच्या अलीकडे बाळू घरतांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे, आणि त्या दुकानात एका शब्दाला बंदी आहे : ‘डायरेक्ट’, म्हणजे फ्यूज-स्विच वगळून वायर सरळ जोडणं. फ्यूज सारखा उडतोय, करा डायरेक्ट. स्विच अडतोय, करा डायरेक्ट, असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला बाळू हात पुसत पुसत रस्त्यापर्यंत पोचवून येतात. स्वतःच्या लग्नातसुद्धा त्यांनी मांडवाच्या लायटिंगला इतका काटेकोर फ्यूज लावला होता, की तो ऐन पंगतीत उडाला आणि वऱ्हाड अंधारात जेवलं. त्यांची बायको सत्यवती अजून सांगते, “आमच्या धन्याचं तोंड मी दुसऱ्या दिवशी बघितलं.”

अशा माणसाच्या मुलीचं, प्राचीचं लग्न ठरलं ते बेलपाड्याच्या भगवानशेट केणींच्या धनेशशी. भगवानशेटचे वडील विठू मिठागरांतलं मीठ ट्रकमधून वाहायचे. मिठागरं गेली, इमारती आल्या, भगवानशेट बिल्डर झाले, पण बापाचा ट्रक काही त्यांनी भंगारात घातला नाही. नवरदेव आज्याच्याच ट्रकातून मांडवात येणार, असा त्यांचा हट्ट. जुनं इंजिन कधीच मेलं होतं. मिस्त्रीने कुठल्याशा जीपचं पेट्रोल इंजिन आणून बसवलं. वायरिंग अर्थातच व्याह्यांकडे आलं.

“तेल खेचायचा जुना पंप इंजिनच चालवायचं,” बाळू भगवानशेटना समजावत होते. “इंजिन थांबलं का पंप थांबला. हा नवा करंटवरचा. याला इंजिन मेलं तरी कळत नाय. गाडी आपटली, नळी सुटली, तरी हा आपला पेट्रोल ओततच बसंल. मग एक ठिणगी बास हाय.”

म्हणून त्यांनी बॅटरीजवळ फ्यूज घातला, रिले घातला आणि वर धक्क्याचा एक स्विच लावला. आत चुंबकावर लोखंडी गोळी बसलेली. जोराचा दणका बसला की ती निसटते, करंट तुटतो, पंप बंद होतो. वरचं बटण दाबलं की गोळी पुन्हा जागेवर. हा स्विच त्यांनी केबिनच्या मागच्या पत्र्यावर रिबिट मारून पक्का केला आणि उरण रस्त्याचे सगळे खड्डे ट्रकला दाखवून आणले. गोळी हलली नाही. बाळू खूश झाले. वरातीची गाडी तयार करताना एका आगरी माणसाला डीजेची आठवण होऊ नये, याला काय म्हणावं!

लग्नाच्या संध्याकाळी मागच्या हौद्यात नेमके त्याच पत्र्याला टेकून भिंतीएवढे स्पीकर चढले. गव्हाणच्या देवळापासून वरात निघाली. डीजेचा पहिला ठोका पडला आणि ट्रक बंद. ड्रायव्हरने बटण दाबलं, ट्रक चालू. ठोका पडला, ट्रक बंद. नाचणाऱ्यांना त्याचं काहीच वाटलं नाही, कारण वरात पुढे सरकावी अशी त्यांची मुळीच इच्छा नव्हती. तिकडे लग्नाच्या लॉनवर भटजी मात्र सारखे घड्याळ बघायला लागले. शेवटी बाळूंचा फोन वाजला.

फेटा सावरत ते धावत आले, पत्र्यावर तळवा ठेवला, आणि त्यांचा चेहरा उतरला. गोळीही वरातीत नाचत होती.

“व्याही, डायरेक्ट करा!” भगवानशेट ओरडले.

“डीजे बंद करा.”

“डीजे बंद? लोकं विचारतील, वरात हाय का मयत?”

स्विच दुसरीकडे हलवायला वेळ नव्हता. नाही म्हणावं, तर पोरीच्या सासरशी पहिल्याच दिवशी वाकडं. हो म्हणावं, तर जावई पेट्रोलच्या टाकीवर आणि चहूबाजूंनी अनार, रॉकेट. बाळूंना रडूच आलं. त्यांनी पक्कड काढली, वायर पक्कडीत धरलीसुद्धा. मग पक्कड खिशात टाकून ते केबिनमध्ये चढले, नवरदेवाला म्हणाले, “सरका जरा जावईबापू,” आणि बटणावर अंगठा दाबून बसले. दाबून धरलेली गोळी जागची हलत नव्हती. खरा धक्का बसलाच तर अंगठा उचलायचा, डीजेचा पुढचा ठोकाच पंप बंद करील.

“मी बसलोय तवर हे डायरेक्ट नाय,” त्यांनी भगवानशेटना बजावलं.

वरात चालू लागली. नवरीचा बाप नवरदेवाला खेटून, मांडवाकडे पाठ आणि स्पीकरकडे तोंड. लोकांना वाटलं, ही काहीतरी नवीन पद्धत असणार. एका आत्याबाईंनी तर त्यांच्यावरूनही लिंबू उतरवलं.

लॉनच्या दारात सत्यवती आरतीचं तबक घेऊन उभी होती. वराला उतरवून घ्यायचा मान मुलीच्या बापाचा, आणि बापाला शोधत माणसं आचाऱ्याच्या चुलीपर्यंत फिरून आलेली. समोरून येणाऱ्या ट्रकात पाठमोरा फेटा तिने ओळखला. “अवो,” ती किंचाळली, “तुमी आमच्यातले का त्यांच्यातले?”

ड्रायव्हरला हसू फुटलं, ब्रेक चुकला आणि ट्रक फुलांच्या कमानीच्या लोखंडी खांबावर धडकला. बाळूंचा अंगठा आपसूक उचलला गेला. ठोका पडला, पंप बंद झाला. ट्रकाखाली नळी सुटून लोंबत होती. तिच्यातून थोडं पेट्रोल सांडलं आणि थांबलं. हातभर पलीकडे अनार अजून जळत होता.

भगवानशेट वाकले, त्यांनी नळी बघितली, अनार बघितला. मग उठले आणि स्वतःच्या हातांनी त्यांनी डीजेची वायर उपटली.

पाठवणीपर्यंत बाळूंनी नळी नव्या क्लिपने आवळली होती. दुकानातच वाढलेली प्राची धनेशशेजारी ट्रकात बसली. इंजिन चालू झालं. बाळू पायरीवर चढले, आत हात घातला आणि बटणावर अंगठा दाबून उभे राहिले. ड्रायव्हर खोळंबला, वऱ्हाड खोळंबलं.

“बाबा,” प्राची हळूच म्हणाली, “डीजे बंद हाय. गोळी नाय हलायची. सोडा आता.”

बाळूंनी अंगठा काढला. इंजिन चालूच राहिलं. ते पायरीवरून खाली उतरले, आणि ट्रक बेलपाड्याच्या रस्त्याला लागला.