सहा बाटल्या अन् माही मेलेली जीभ

मित्रहो, तीन महिन्यांआधी ताप आला, थो गेला. पण संगं माही चव अन् वासही घेऊन गेला. डोणगावात माही खानावळ आहे, अन् रस्सा कसा झाला हे बायकोले विचारा लागते.

आज साळा पुण्यावरून सहा येगयेगळ्या चवीच्या क्राफ्ट बिअर घेऊन घरी आला. "भाऊजी, एखादी तरी लागनच!"

आंगणात मोहरलेल्या आंब्याखाली मी, बायको अन् साळा बसलो. कोणती काय, न सांगता त्यानं एकेक ग्लास देल्ला. पाचही निस्तं पाणीच लागले.

सहाव्याले दोघंही माह्या तोंडाकडे पाहून राह्यले होते. मले राहवलं नाही. "हाव, लागली! संत्र्याची आहे!"

साळ्यानं मान खाली घातली. बायको हळूच म्हणाली, "कॉफीची होती हो."

कोणाची चव परत आली असन तर सांगा. खोटा धीर मात्र देऊ नका. थो मी आजच देऊन पाह्यला.