न्यूट्रलकाकांची सातची गाडी

उतार लागला की न्यूट्रलकाका गाडी न्यूट्रलला टाकायचे आणि किल्ली फिरवून इंजिनच बंद करायचे. तोवर एकमेकींच्या कानात ओरडून बोलणाऱ्या आम्ही पोरी एकदम गप्प व्हायचो. नुसता चाकांचा आवाज, आणि मागे कुणाच्या तरी टोपलीतल्या कोंबडीची कुरकुर. इंजिन बंद म्हणजे ब्रेक जड. बाया देवाचं नाव घ्यायच्या. काका मात्र निवांत. म्हणायचे, "देवानं उतार फुकट देल्ला बाई. त्याच्यावर टॅक्स लागाच्या आधी वापरून घ्या."

त्यांचं खरं नाव तांड्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. तांड्यावरून घाटंजीला जाणारी त्यांची काळीपिवळी जीप सकाळी सातला आमच्या फाट्यावर यायची. त्यानंतरची गाडी थेट अकराला, म्हणजे कॉलेज सुटायच्या बेताला. फाट्यावरून मी आणि तांड्यावरून चौघी, अशा पाच पोरींचं शिक्षण या एका जीपवर चाललं होतं. त्यातली कमल काकांची पुतणी. आमच्यात सगळ्यात हुशार तीच. नोट्स तिच्या, पास आम्ही व्हायचो.

डिझेल चढत गेलं तसं बाकीच्या जीपवाल्यांनी भाडं वाढवलं. काकांनीही वाढवलं, पण कॉलेजच्या पोरींचं नाही. मी एकदा शहाणपणाने म्हटलं, "काका, आमचंही वाढवा की." तर चिडले. "तुले काय समजते? भाडं वाढोलं का बाप पह्यले पोरीलेच घरी बसोते. पोराले नाई बसोत." इन्शुरन्स, पासिंग, टायर सगळं महाग झालं होतं. काका पंपावर उभे राहून स्वतःशीच पुटपुटायचे, "मी डिझल भरून राह्यलो का टॅक्स भरून राह्यलो, हेच समजत नाई."

त्यांचे बंजारा आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलखोमुलखी फिरलेले. काकांना त्याचा भारी अभिमान. "आमच्या आज्याच्या बैलाले चारा लागे," ते सांगायचे. "त्याले कोणी नळी लावून आकडे नाई फिरवले." त्यामुळे डिझेलवरच्या टॅक्सविरुद्ध घाटंजीला मोर्चा ठरला तेव्हा जीपला बैल जुंपायचे, ही कल्पना त्यांचीच. बैल माझ्या बाबांचे. मोर्चाला जायला डिझेल कशाला जाळायचं, म्हणून काकांनी टाकीतलं होतं तेवढं काढून कॅनमध्ये घरी ठेवलं. सोमवारी पोरींना न्यायला लागेल म्हणून.

निघालो झोकात. आणि नेहमीच्या उतारावर फजिती झाली. जीप बैलांच्या अंगावर जायला लागली. इंजिन बंद, ब्रेक जड, काका पाय ताणून ओरडतायत, बाबा काकांना शिव्या घालतायत आणि आम्ही पाच जणी रस्त्याकडेचे दगड चाकांपुढे टाकतोय. शेवटी बैल सोडले. जीप एकटीच उतरली आणि आंदोलनाचे बैल मागून मोकळे चालत आले. काका खाली उतरून घाम पुसत म्हणाले, "पाहा, उताराले बैलही नाई लागत."

घाटंजीत गर्दी चांगली जमली होती. जीपवाले, ऑटोवाले, आर्णीकडचे ट्रॅक्टरवाले. पुढारी मात्र तासभर उशिरा आला, पाच गाड्या घेऊन. भाषण जोरदार झालं. गरिबाच्या टाकीत हात घालणारं सरकार वगैरे. पण पाचही गाड्या उन्हात एसीसाठी चालूच होत्या. काकांची नजर भाषणाकडे नव्हतीच. ते उठले, पहिल्या गाडीचं दार उघडून हात घातला आणि किल्ली फिरवली. ड्रायव्हर ओरडला. काका शांतपणे म्हणाले, "गाडी उभी हाय, मंग इंजिन कायले चालू?" आणि दुसऱ्या गाडीकडे वळले.

तिथवर पोचू दिलं नाही. कार्यकर्त्यांनी त्यांना दंडाला धरून बाजूला ढकललं. "म्हातारा मोर्चा बिघडवते," कुणीतरी म्हणालं. ज्याच्या नावावर मोर्चा, तोच मोर्चा बिघडवतो! मला अजून राग येतो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो होता. बाबांचे बैल, काकांची जीप आणि कासरा पुढाऱ्याच्या हातात. काका कुठेच नव्हते. निवेदन दिलं गेलं, ते कुठे गेलं कुणास ठाऊक. डिझेल काही खाली आलं नाही.

काकांनी आमची परीक्षा होईपर्यंत गाडी ओढली आणि मग विकली. त्या दिवशी कमलला म्हणाले, "भाव उतरू दे. उतरला का दुसरी गाडी आणतो. तू पुस्तकं ठेव." मला बाबांनी यवतमाळला होस्टेलवर टाकलं. तांड्यावरच्या चौघी मात्र घरी बसल्या. कमलने पुस्तकं ठेवली. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

मी आता शाळेत शिकवते. काकांना लकवा झाल्यावर अधूनमधून भेटायला जायचे. ते बाजेवर पडल्या पडल्या दर वेळी एकच विचारायचे, "डिझल उतरलं काय?" मी दर वेळी खरं सांगायचे. खोटं बोलून काय मिळणार होतं? गेल्या तिजेच्या सणाला मी गेले तेव्हा कमलही माहेरी आलेली, कडेवर पोरगी घेऊन उभी. काका खूप वाळले होते. जीभ जड झाली होती, पण प्रश्न तोच. का कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "हो काका, उतरलं."

त्यांनी चांगला हात टेकून उठायची धडपड करत कमलला हाक मारली.

"कमल, पुस्तकं काढ. सोमवारी सातले तयार राह्य."

कमलने कडेवरची पोरगी सावरली. "हो काका," म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता घरात गेली.