गुळमारचा पाला आणि आखाजीचा रस

जळगावच्या कॉलेजात मी गुळमारच्या पाल्याचा अर्क काढते. पाला सावलीत वाळवायचा, दळायचा, भिजत घालायचा, गाळायचा आणि मधुमेह झालेल्या उंदरांना पाजायचा. काही उंदरांची साखर उतरते, काहींची ढिम्म हलत नाही. माणसाला तो किती द्यावा, द्यावा की नाही, हे अजून मलाही सांगता येत नाही. एवढी साधी गोष्ट माझ्या वडिलांना, आबांना, पटवताना मात्र नाकी नऊ आले.

आबा साक्रीकडच्या आमच्या गावी असतात. शुगर जुनी. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले, तर गोळ्यांची पाकिटं कोनाड्यात धूळ खात पडलेली आणि आबा ओसरीवर कुंपणाच्या वेलाचा पाला चघळत बसलेले. गुळमार चघळला की बराच वेळ जिभेला गोड कळत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक. आबांनी चिमूटभर साखर तोंडात टाकून दाखवली.

“वाळू लागस, वाळू! साखर मरी गई.”

“आबा, ते फक्त जीभले समजत नही. रक्तमा साखर जासच.”

“गोडच लागत नही, ते रक्तमा काय जाई? आन तू उंदीरसले पाजस, मंग बापले का बरं नही?”

मी कपाळावर हात मारला. पाल्यात काही नाही म्हणावं, तर माझं सगळं काम खोटं. आहे म्हणावं, तर गोळ्या कायमच्या कोनाड्यात. जेवायला बसण्याआधी आबांनी पुन्हा पानं चघळली आणि वाटीमागून वाटी आमरस रिचवला, सोबत खापरावरची पुरणपोळी. चव नाही, मजा नाही, साखर तेवढी अंगात! असा संताप आला की सणाच्या दिवशी मी भरल्या ताटावरून उठले.

आबा हात धुवायला निघाले, तेव्हा फरशीवर लाल ठसे उमटत गेले. त्यांना खाटेवर बसवून मी तळवा पाहिला. बाभळीचा काटा टाचेत पार आत गेलेला, भोवती पिवळं पडलेलं. कधी घुसला, त्यांना माहीतच नव्हतं. मी चिमट्यानं काटा ओढत होते आणि आबा आईकडे सुपारी मागत होते.

“दुखस का, आबा?”

“काहीच नही,” ते खुशीत म्हणाले. “आधी तळपायनी आग व्हये, आते तीबी नही. पालानाच गुण शे.”