मोझेसचा शनिवार

बर्फाचा सीझन कसा गेला हे आमच्या त्या हायलँड्समधल्या गावात जो तो आपापल्या परीने ठरवायचा. हॉटेलवाले भरलेल्या खोल्यांवरून, बसवाले गर्दीवरून आणि आम्ही हॉस्पिटलवाले मोडलेल्या पायांवरून. अडुसष्टचा सीझन फार चांगला होता असं तिथले लोक आजही सांगतात. नाताळात डोंगरावर पडलेला बर्फ ईस्टर जवळ आला तरी हलला नव्हता. दर शनिवारी ग्लासगो-एडिनबराहून तरुण पोरं बसेस भरभरून यायची, पायाला स्की बांधून दिवसभर घसरायची आणि संध्याकाळी त्यांतली काही स्ट्रेचरवरून आमच्याकडे यायची. चांगला सीझन म्हणे. माझ्या पाठीला विचारा.

कारण शनिवारी आमच्याकडे प्लास्टर घालायला माणूस नसे. ज्याने घालायचं तो मोझेस नवगावकर सुटीवर असे. मग कॅज्युअल्टीतला ज्युनियर डॉक्टर, म्हणजे मी, कोपरापर्यंत प्लास्टरात बुडून नडग्या बांधत बसे. यातली संतापाची गोष्ट अशी, की ही सुटी त्याला मीच मिळवून दिली होती.

मोझेस अलिबागजवळच्या नवगावचा. बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातला मराठी बोलणारा ज्यू. मुंबईच्या एका हॉस्पिटलात प्लास्टरचं काम शिकला आणि तिथून थेट या थंडगार कोपऱ्यात येऊन पडला. तिशी उलटलेली, लग्न नाही, उंची बेताची. त्याचं प्लास्टर इतकं जाडजूड असे की पेशंट बरा झाल्यावर पाय हलका वाटतो म्हणून तक्रार करी. बोलायला गोड, पण सरळ उत्तर म्हणून देणार नाही. ‘जेवलास का?’ विचारलं तर ‘का, काही आहे का?’ म्हणणार. अशा माणसांचा मला पहिल्यापासून संशय येतो.

तो आला त्याच आठवड्यात त्याने मोठे सर्जन मिस्टर मॅकरे यांच्याकडे शनिवारची सुटी मागितली, शब्बाथसाठी, म्हणजे शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंतच्या त्यांच्या विसाव्यासाठी. मॅकरे सर धार्मिक गृहस्थ. रविवारी कुणाच्या अंगणात वाळत घातलेलं धुणं दिसलं, तरी त्या घराशी बोलणं टाकणारे. त्यांनी मोझेसला नखशिखान्त पाहिलं आणि माझ्याकडे वळले. ‘इंडियन आणि ज्यू? हे खरं आहे, डॉक्टर?’

माझं आजोळ अलिबागचं. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, की आमच्याकडे हे लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना शनिवार तेलीच म्हणायचे.

‘आणि बैल?’ सरांनी विचारलं.

‘बैलसुद्धा सोडलेले असायचे, सर.’

बैलांनी काम केलं. सरांचे आजोबा रविवारी घोडा जुंपत नसत. त्यांनी शनिवार मंजूर केला, आणि वर माझ्याकडे बोट करून म्हणाले, ‘ही सुटी शब्बाथसाठी आहे. तो दिवस मौजेत घालवला असं कळलं तर सुटी गेली. आणि तुमच्या शब्दाची किंमत मला कळली असं मी समजेन.’ म्हणजे सुटी त्याची, मान माझी अडकली.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी मोझेस कामावर आला तो तोंड करपवून. त्या गावात फेब्रुवारीत सूर्य म्हणजे ऐकीव गोष्ट, आणि हा पठ्ठ्या वैशाखात नांगर धरून आल्यासारखा काळा ठिक्कर. डोळ्यांभोवती मात्र दोन फिकट वाटोळी.

‘हे काय?’

‘काय?’

‘तोंड, मोझेस.’

‘थंडीने करपलं, डॉक्टर.’

‘थंडी डोळ्यांभोवती गोल जागा कशी सोडते?’

‘तुम्ही डॉक्टर. तुम्हीच सांगा.’

तेव्हापासून मी त्याच्यावर डोळा ठेवला. शुक्रवारी जेवणाच्या सुटीनंतर तो एक लांबडी पिशवी घेऊन निघतो आणि शनिवारी चांदण्या दिसायला लागल्यावर परत येतो, हे त्याच्या घरमालकिणीकडून कळलं. ‘प्रार्थनेला जातात,’ ती म्हणाली. प्रार्थनेला? सगळ्यात जवळचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शंभरेक मैलांवर. आणि लांबड्या पिशवीत काय, धर्मग्रंथ? बाई असावी असंही मला वाटून गेलं. डोंगराखालच्या एखाद्या हॉटेलातली वेट्रेस वगैरे. पण वेट्रेसमुळे तोंड करपत नाही.

संशय घरापर्यंत आला. माझी बायको सुप्रभा एका संध्याकाळी माकडटोपी विणताना दिसली. माझ्या चॉकलेटी स्वेटरची उरलेली लोकर.

‘कुणाला?’

‘मोझेसना. थंडीत फिरतात बिचारे.’

‘कुठे फिरतो?’

‘मी नाही विचारलं. प्रत्येकावर संशय घेऊन जगता येत नाही.’

‘मला येतं,’ मी म्हणालो.

मार्चअखेरचा तो शनिवार. सकाळपासून लख्ख ऊन, वारा नाही, डोंगरावर नुसती जत्रा. दुपारपर्यंत मी दोन मनगटं आणि तीन घोटे बांधले होते. तेवढ्यात डोंगरावरच्या बचाव पथकाने आणखी एक आणला. उजवी नडगी मोडलेली. डोक्यापासून हनुवटीपर्यंत माकडटोपी, डोळ्यांवर मोठा गॉगल, आणि तोंडातून शब्द नाही. मोराग नावाची नर्स पेन घेऊन उभी. ‘तुमचं नाव?’ गप्प. ‘राहता कुठे?’ गप्प. जबर मार बसला की माणसं अशी होतात, ती म्हणाली. मी टोपीकडे पाहत होतो. लोकर चॉकलेटी होती.

मी इंजेक्शन दिलं, पण ते पुरतं चढायच्या आतच पाय हातात घेतला आणि सरळ करायला ओढला.

‘आई गं!’

अख्ख्या हायलँड्समध्ये ही हाक मारणारी माणसं तीन, आणि त्यांतली दोन माझ्या घरात राहत होती.

‘आयगन,’ मोरागने लिहून घेतलं. ‘आयरिश दिसतोय.’

मी तिला गरम पाणी आणायला पिटाळलं आणि टोपी ओढून काढली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. एवढे शनिवार माझ्या पाठीचा पार भुगा झाला होता आणि चोर आज आपल्या पायाने, म्हणजे मोडक्या पायाने, चालून आला होता.

‘हा तुझा शब्बाथ?’ मी म्हणालो. ‘तिकडे सरांना मी बैल सांगितले. आणि तू इकडे घसरगुंडी खेळतोस?’

मोझेसने गॉगल वर सरकवला. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज नेहमीचाच. ‘शब्बाथ म्हणजे काम करायचं नाही, डॉक्टर. मी काय काम केलं सांगा. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत डोंगराखालच्या होस्टेलवर पोचतो. डोंगरावरच्या तारेच्या लिफ्टचं सीझन तिकीट आधीच घेतलंय, शनिवारी पैशाला हात लावत नाही. वर लिफ्ट नेते. खाली उतार आणतो. मी नुसता उभा असतो.’

‘पडलास कसा मग?’

‘पडायला काम लागतं का?’

‘मग रविवारी जा ना. सगळे जातात.’

‘रविवारी बस नाही. आणि घरमालकीण रविवारी शिट्टीसुद्धा वाजवू देत नाही. इथे रविवार त्यांचाच आहे, डॉक्टर. माझ्याकडे एक शनिवार, तोही एकट्याचा. चार भिंतींत दिवसभर बसून पाहिलं मी. वेड लागायची पाळी आली.’

मी पट्ट्या भिजवायला घेतल्या. हातातलं काम थांबवून चालत नाही. तो छताकडे बघत पुढे बोलला, आणि पहिल्यांदाच न विचारता बोलला.

‘इथे आल्यापासून सगळे विचारतात, तू नेमका कुठला? इंडियन तर ज्यू कसा? ज्यू तर काळा कसा? एडिनबराला सिनेगॉगमध्ये गेलो तर तिथेही पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्याने तेच विचारलं. तुम्हीही पहिल्या दिवशी विचारलंत. वर डोंगरावर माकडटोपी आणि गॉगल चढवला की कोणी विचारत नाही. शेजारून जाणारा हात वर करतो, ‘लव्हली डे’ म्हणतो आणि खाली जातो. मीही म्हणतो, लव्हली डे. मग वर उभा राहून मी शेमा म्हणतो. आमची मुख्य प्रार्थना. तिथे मोठ्याने म्हणता येते.’

मोराग पाणी घेऊन आली, तोवर त्याने टोपी-गॉगल पुन्हा चढवला होता. मी प्लास्टर पुरं केलं. तो घालतो त्याहून जरा पातळ घातलं.

आता त्याला सरांच्या हवाली करणं माझ्या हातात होतं, आणि मला ते जमेना. राग गेला नव्हता. शिवाय माझा शब्द होताच. पण ते मोठ्याने म्हणता येणं माझ्या कानात अडकून बसलं होतं. मी ठरवलं ते असं: कागदावर आयगन प्लास्टर घालून घरी गेला. आणि मोझेस नवगावकर रविवारी सकाळी घराच्या पायरीवर बर्फावरून घसरून पडला. मोराग त्याच रात्री मंगळवारपर्यंतच्या सुटीवर जाणार होती, म्हणजे आयगनची आठवण काढायला कोणी नव्हतं. मोझेसला वॉर्डात लपवून मी घरी गेलो आणि रविवारचा अख्खा दिवस झोपून काढला.

सोमवारी मॅकरे सर राउंडला आले आणि त्याच्या पलंगापाशी थांबले. आधी प्लास्टर पाहिलं, मग तोंडावरची ती दोन फिकट वाटोळी पाहिली. बराच वेळ पाहिली.

‘कधी पडला?’ त्यांनी मला विचारलं.

‘रविवारी, सर. घराच्या पायरीवर. बर्फ होता.’

सरांची भुवई तेवढी वर गेली. ते मोझेसकडे वळले. ‘असंच ना?’

मोझेसने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘नाही, सर. शनिवारी. डोंगरावर, स्कीइंग करताना. डॉक्टर माझ्यासाठी खोटं बोलले.’ आणि मग लिफ्ट, सीझन तिकीट, उतार, सगळं माझ्यापुढे मांडलं होतं तसंच त्याने सरांपुढे मांडलं. सर हसले नाहीत. म्हणाले, ‘तुमच्या शब्बाथचा निवाडा मी करणार नाही. पण पुढच्या सीझनपासून शनिवारी तुम्ही कामावर असाल.’

‘मग मी नसेन, सर,’ मोझेस म्हणाला.

जाताना सर माझ्यापाशी थांबले. ‘आणि ते बैल, डॉक्टर?’

‘बैल खरे होते, सर.’

प्लास्टर निघाल्यावर मोझेस लंगडत लंडनला गेला. ईलिंगच्या बाजूला त्याच्या लोकांची थोडी घरं होती. पुढच्या हिवाळ्यात नवा प्लास्टरवाला आला, शनिवारी माझी सुटी झाली, आणि बर्फ मात्र नावाला पडला. मी पुढे साउथहॅम्प्टनला गेलो. तिथे ज्युनियर पोरांना मी मोझेसची गोष्ट नेहमी सांगायचो. असा माणूस पाहिला नाही म्हणायचो, शनिवार गेला, नोकरी गेली, पण खोट्याचा आधार घेतला नाही. सुप्रभा तर त्याला साधूच समजायची.

शहात्तर साली एका मुंजीला ईलिंगला गेलो होतो, तेव्हा तो बसस्टॉपवर भेटला. केस पिकलेले, एक पाय जरा ओढत. सोबत बायको होती, शुलामीथ. तिला म्हणाला, ‘हे माझे डॉक्टर, यांचं प्लास्टर पातळ असतं.’ इकडचं तिकडचं बोलणं झालं. प्रार्थनेला लागतात तेवढे दहाजण आता शनिवारी जमतात म्हणाला, कोणी काही विचारत नाही. डोंगर तेवढा नाही.

मला राहवलं नाही. ‘मोझेस, त्या दिवशी रविवार म्हणाला असतास तर सगळं निभावलं असतं. का नाही म्हणालास?’

‘रविवारी, डॉक्टर?’ तो हसायला लागला. ‘शनिवारी रात्रीच वारा फिरला. रविवारी पहाटेपासून पाऊस. गावात पायरीवर काय, रस्त्यावर काय, बर्फाचा कण नव्हता. सर त्या पावसातून छत्री घेऊन चर्चला जाताना मला वॉर्डच्या खिडकीतून दिसले. तुम्ही झोपला होतात.’

मी बसस्टॉपच्या खांबाला टेकलो. सरांची ती भुवई आठवली. आठ वर्षं मी या माणसाच्या सच्चेपणाचे गोडवे गात होतो.

‘म्हणजे पाऊस पडला नसता तर तू रविवार म्हणाला असतास?’

प्रश्नाला प्रश्न येणार अशी मी मनाची तयारी केली होती.

‘नाही,’ मोझेस म्हणाला. ‘तो शनिवार होता, डॉक्टर. अख्ख्या सीझनमधला सगळ्यात चांगला. तो रविवारच्या नावावर कसा करू?’

बस आली. तो शुलामीथचा हात धरून चढला आणि खिडकीतून हात वर केला. तो खरं बोलला की नाही, मला अजून सांगता येत नाही.